घोट्यावरचं निळं मलम

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुमच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. लिहावंसं वाटलंच नाही. तुमचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला बसायची, हे आईला ठाऊक होतं. पण चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी तुम्ही माझ्यासमोर ड्रेसिंगच्या टेबलावर आलात, म्हणून आज लिहिते आहे. मी सौसरला दवाखान्यात ड्रेसर आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर लागले. लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हेच माझं काम. ज्या पोरीला तुम्ही कामचोर म्हणायचात ती रोज आठ तास उभी असते, आणि तीही तुमच्या कृपेनं बिघडलेल्या पायावर.

तर त्या सोमवारी एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी अकरा-बारा वर्षांची, डोळे पिवळसर, डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. चिंधी चिकटली होती. मी सलाईनचं पाणी कोमट करून घेतलं, आधी माझ्या मनगटावर ओतून पाहिलं आणि मग तिच्या पायावर सोडलं. चिंधी सुटायला पंधरा मिनिटं लागली. सुटली तशी खालून निळाई दिसली. आभाळी निळी, वाळून तडकलेली, भिंतीचा चुना सुटतो तशी कडेनं सुटलेली. तिच्याखाली पांढरी पडलेली मेलेली चामडी आणि मधोमध काळी खपली. मला विचारायची गरज नव्हती. बोर्डो होतं ते. संत्र्याच्या झाडाला लावायचं बोर्डो मलम, पोरीच्या घोट्यावर.

पोरीची आई माझं तोंड पाहून घाबरली असणार. म्हणाली, "सिस्टर, डरू नोका, दवाईच व्हय ते. बोरगावच्या बागवाल्या बाबाचं औषध. आमच्या सासऱ्याले बनवता येते."

"कोण बागवाले बाबा?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"ते कवाच वारले. लय हातगुण होता म्हणते त्यायले. झाड असो का मानूस."

"पोरीला सिकलसेल आहे ना? डोळे पिवळे दिसून राहिले."

"हो, कार्ड हाय नं." तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं कार्ड काढलं, शाळेतल्या तपासणीत मिळालेलं. "गोळ्या बी चालू हायेत. पन ते रक्तातलं हाय सिस्टर. हे तं पायाचं हाय."

हे तं पायाचं हाय. बाबा, हे वाक्य तुमचं आहे. तेहतीस वर्षांपूर्वी तुम्ही ते आमच्या अंगणात बोललात आणि ते अजून या गावातून त्या गावात फिरतं आहे. तुम्ही मेलात, तुमचं मलम मेलं नाही. त्या दिवशी पोरीची पट्टी करून झाल्यावर मी हात धुताना ठरवलं की आता तुमचा हातगुण मी संपवणार. दुसरं कुणी ते करू शकत नाही, कारण त्या हाताचा पुरावा माझ्याच पायावर आहे.

तुम्हाला बागेतलं सगळं कळायचं, हे मी नाकारत नाही. बाग मालकाची होती, पण झाडं तुमची होती. मृगाचा बहार धरायचा की आंबिया, पाणी कधी तोडायचं, हे मालक तुम्हाला विचारून ठरवायचा. आणि डिंक्या रोग तर तुमचाच. झाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर वर, साल फुटायची आणि डिंक पाझरायचा. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत लोक तुम्हाला सायकलवर बसवून न्यायचे. तुम्ही बुंध्याशी उकिडवे बसायचात, बोटानं साल दाबून पाहायचात, आखूड चाकूनं रोगट साल निरोगी लाकूड दिसेपर्यंत खरवडायचात. मग मोरचूद एका मडक्यात, चुना दुसऱ्या मडक्यात, आणि दोन्ही तिसऱ्यात. लोखंडाची बादली चालायची नाही. आणि लावण्याआधी एक लोखंडी खिळा त्यात बुडवून तुम्ही वाट पाहायचात. खिळ्यावर तांबूस रंग चढला तर मलम तेज आहे, अजून चुना घाला. नाही चढला तर झाडाला लावायला हरकत नाही. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तो खिळा धरायचं काम माझं होतं. चुना उडायचा, हाताला चटके बसायचे. तुमच्या डाव्या पोटरीखाली रुपयाएवढा पांढरट डाग होता, तोही चुना उडाल्याचा, असं तुम्ही सांगायचात.

आणि बाबा, तुम्ही बागवाल्यांना झापायचातही. लोधीखेड्याच्या एका शेतकऱ्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ते माझ्या कानात आहे. "नुसतं सालीले लावून का होते भाऊ? बिमारी मुळात हाय. पाणी साचून राह्यलं बुडाशी. मूळ उकरून पाह्य पयले." तो माणूस ओशाळला आणि मला केवढा अभिमान वाटला होता. माझा बाप मुळापर्यंत जातो, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं.

मला तेरावं लागलं होतं. त्याआधी किती वर्षं माझे हातपाय दुखायचे ते तुम्हाला आठवतं का? थंडी पडली की दुखायचे, ताप आला की दुखायचे, विहिरीवरून दोन खेपा जास्त झाल्या की हाडं कुणी आतून पिळतंय असं व्हायचं. मी कोपऱ्यात पडून राहायची आणि तुम्ही दारातून म्हणायचात, "हिले काम दिसलं का दुखनं येते." तोडणीच्या दिवसांत सगळ्या बाया-पोरी संत्री निवडायला बसत आणि मी एकटी घरी, म्हणून तुमची मान खाली जायची. डोळे पिवळे व्हायचे तर तुम्ही कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलंत. पण मला सगळ्यात जास्त लागायचं ते तुमचं कामचोर म्हणणं. दुखणं दोन-चार दिवसांत जायचं.

मग डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, एक पुटकुळी आली. डास चावल्यासारखी. खाजवली, फुटली आणि भरलीच नाही. आठवड्यानं नखाएवढी झाली, महिन्यानं पैशाएवढी. कडा जाड, मध्ये पिवळसर, आणि पाणी पाझरायचं. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, राख झाली. एक दिवस तुम्ही बागेतून आलात, माझा पाय मांडीवर घेतलात आणि बराच वेळ पाहत राहिलात. बोटानं कडेची कातडी दाबलीत, अगदी बुंधा दाबायचात तशी. मला खूप बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी तुम्ही माझ्याकडे नीट पाहत होता. मग तुम्ही आईला म्हणालात, "डिंक्या हाय हा. बुडाशीच फुटला, पाझरून बी तसाच राह्यला. हे पोरगी दिवसभर ओलितात उभी राहते, म्हणून."

आई म्हणाली, "तिचं अंग बी दुखते नं. डोये पिवळे होते. आतून तं काही नसन?"

"ते येगळं," तुम्ही म्हणालात. "हे तं पायाचं हाय."

त्यानंतर आठ-दहा दिवस तुम्ही काही केलं नाही. मला पाण्यात जाऊ दिलं नाही, एवढंच. त्या दिवसांत तुम्ही लंगडत होता, काटा रुतला म्हणून. मग एका सकाळी तुम्ही मडकी काढलीत. मी खिळा शोधायला उठले तर म्हणालात, "राहू दे, खिळा नाही लागत." त्याच चाकूनं तुम्ही माझी जखम खरवडलीत. रक्त येईपर्यंत, निरोगी दिसेपर्यंत. आणि निळं मलम थापलंत. ती आग मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि सांगितली तरी तुम्ही कुठे ऐकणार आहात. मी एवढी ओरडले की शेजारचे धावून आले. आई चुलीपाशी होती. ती उठली नाही, पण तिची भाकर तव्यावर जळली, आणि माझ्या आईच्या हातून कधी भाकर जळली नव्हती. तुम्ही माझा पाय गुडघ्यानं दाबून धरला होता आणि म्हणत होता, "चूप बस. झाडाले लावतो तं झाड रडते का?"

हे वाक्य मी तेहतीस वर्षं चघळते आहे, बाबा. माझ्याकडे पट्टीला येणारं कुणीही रडलं तर मी त्याला चूप बस म्हणत नाही. रड म्हणते. ओरड म्हणते. बाहेरच्या ओळीतले लोक दचकतात तर दचकू देत.

तीन आठवडे तुम्ही लावत राहिलात. रोज खरवडायचं, रोज थापायचं. पैशाएवढी जखम तळहाताएवढी झाली. घोट्याभोवतीची कातडी काळी, तुकतुकीत आणि ताठ झाली, पाय वाकवला की तडकायची. वास यायला लागला तेव्हा वर्गातल्या मुली बाक सोडून गेल्या. आणि मग तुम्ही मला भेट आणलीत. आयुष्यात तुम्ही मला दिलेली एकच भेट. सौसरच्या बाजारातून काळे कॅनव्हासचे बूट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे. मोजे स्वतःच्या हातानं चढवलेत आणि म्हणालात, "कोनी पुसलं तं सांग, काच लागली." मला वाटलं होतं, तुम्ही आता चुकलो म्हणाल. तुम्ही झाकायला कापड आणलंत. आठवीतच माझी शाळा सुटली, पण मोजे सुटले नाहीत. वैशाखातसुद्धा मी मोजे घालते. लोकांना वाटतं, सिस्टर फार टापटिपीची.

बाविसाव्या वर्षी आईनं मामाला सांगून मला नागपूरला नेलं, तुम्हाला न विचारता. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पाय पाहिला, डोळे पाहिले आणि पायाबद्दल एक अक्षर न बोलता रक्त काढून घेतलं. मला राग आला होता, जखम पायाला आणि सुई हाताला. तीन दिवसांनी त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. घोट्यापाशी आधीच रक्त कमी पोचतं, तिथली कातडी उपाशी राहते, फुटते आणि भरत नाही. हाडं दुखतात तीही त्यानंच, डोळे पिवळे तेही त्यानंच. सगळं एकच, सिकलसेल. आणि ते आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं येतं. दोघांनी दिलं तरच असं होतं.

मी तो कागद घेऊन घरी आले तेव्हा मला वाटत होतं, आता तुम्ही माझ्यापुढे मान खाली घालाल. तेवढंच हवं होतं मला. कामचोर म्हटलं ते चुकलं, एवढं एक वाक्य. तुम्ही कागद उलटा-सुलटा करून पाहिलात आणि आईकडे बघून म्हणालात, "तुह्या माहेरचं असन. माह्या रक्तात काही खोट नाही." तुमचं रक्त तपासू म्हटलं तर उठून बागेत गेलात. नंतर सगळ्या नातलगांना सांगितलंत की आईच्या माणसांत दोष आहे. आईनं ते शेवटपर्यंत सोसलं, आणि मी ते कधी माफ केलं नाही. लोकांच्या झाडांचं मूळ तुम्ही कुदळीनं उकरलंत. माझ्या वेळी सालीशीच थांबलात, कारण ते मूळ तुमचं होतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं मी ठरवत होते. वाक्य रोज घोकत होते. आणि तुम्ही एका दुपारी बागेत छातीत कळ येऊन गेलात, वाक्य माझ्या तोंडात ठेवून. तुमच्या मरणाचं मला दुःख झालं नाही, चीड आली.

जखम पुढं दोनदा भरली आणि दोनदा पुन्हा फुटली. आता तर दुसरंही काही निघालं आहे. गेल्या वर्षी आरशात पाहताना मानेच्या बाजूला बारीक पिवळट दाणे दिसले, ओळीनं, पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखे. बोट फिरवलं तर कातडी सैल लागते. नागपूरच्या कातडीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कातडीत ताण धरणारे धागे असतात, ते कडक होऊन तुटतात म्हणाले. सिकलच्या काही लोकांत असं दिसतं, का ते अजून नीट कुणाला माहीत नाही. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरही तशाच चिरा आहेत, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते. घोटा, मान, डोळे, सगळीकडे मूळ तेच रक्त निघतं आहे, बाबा. आणि तुम्ही म्हणता, हे तं पायाचं हाय.

तर मी त्या पोरीच्या आईकडून गाव विचारून घेतलं आणि पुढच्या रविवारी लोधीखेड्याच्या बसमध्ये बसले. सासऱ्याला भेटायचं आहे म्हटलं, एवढंच. तुमची पोरगी आहे, हे सांगितलं नाही. अंगणात म्हातारा खाटेवर बसला होता, पंच्याहत्तरीचा. पोरगी पाय लांब करून ओट्यावर होती. शेजारच्या चार-पाच बायाही आल्या, दवाखान्याची बाई घरी आली म्हणून. म्हातारा आधीच वादाच्या तयारीत होता. "त्या औषधानं माह्या बैलाचा खांदा बरा झाला, माह्या सोताच्या टाचीची भेग बरी झाली. तुमी दवाखान्यावाले काही बी म्हना. त्या बाबाचा हात लागला का काम होये."

मी ओट्यावर बसले, बूट काढला आणि मोजा उतरवला. डॉक्टर सोडून कुणासमोर मी असं कधी केलं नव्हतं. काळी, ताठ, चमकणारी कातडी, मधोमध उघडी जखम, आणि कडेनं चाकूच्या जुन्या खुणा. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, "हा त्याच बाबाचा हात आहे. मी त्यांची पोरगी. तीन आठवडे मला बोर्डो लावलं त्यांनी. तुमच्या नातीला जे आहे तेच मला आहे, आणि तिला अजून तीन आठवडे लावलं तर तिचा पाय असाच होईल." मग मला थांबता येईना. कामचोर म्हणायचे ते सांगितलं, गुडघ्यानं दाबलं ते सांगितलं, आईवर ढकललं ते सांगितलं. मला मजा आली, बाबा. खोटं का बोलू? तुमचं नाव त्या अंगणात धुळीला मिळत होतं आणि मला हलकं वाटत होतं. तुमच्यासाठी घोकलेलं ते मुळाचं वाक्य मी शेवटी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मारलं, तुम्ही नव्हता म्हणून.

म्हातारा माझ्या पायाकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "तू त्याची पोरगी व्हय? मी बागेत त्याच्याच हाताखाली होतो. बाई, तुले मालूम नाही का? त्यानं पयले सोताले लावलं होतं."

"काय लावलं?"

"बोर्डो. पंपाच्या खोलीत बसून सोताच्या पायाची चमडी चाकूनं खरवडली, माह्यासमोर. मी म्हटलं, पागल झाला का? म्हने, पोरीले लावायचं हाय, तेज निंघालं तं? खिळ्यावरून चमडीचं का समजते? आठ-नऊ दिवस लंगडत होता. मंग खपली पडली, खाली साजरी लाल चमडी आली. लय खूश झाला. म्हने, आता लावतो पोरीले."

"कोणता पाय?" माझ्या तोंडून निघालं.

"डावा. पोटरीच्या खाली."

मला तो रुपयाएवढा डाग दिसला. काटा रुतला म्हणून लंगडत जाणारे तुम्ही दिसलात. "राहू दे, खिळा नाही लागत," म्हणालात ते का, तेही कळलं. आणि बाबा, तुम्हाला वाटत असेल की मी तिथंच विरघळले. नाही विरघळले. मला उलट जास्त राग आला. तुमची खपली पडली कारण तुमच्यात तो दोष अर्धाच होता. माझी पडेना, रोज जखम वाढताना दिसत होती, तर तीन आठवडे का थांबला नाहीत? माझ्या पायावर विश्वास ठेवायचा सोडून स्वतःच्या पायावर ठेवलात. नऊ दिवस लंगडलात म्हणून तेहतीस वर्षं माफ होत नाहीत. आणि हे मला सांगायला काय झालं होतं? एवढं सांगितलं असतंत तर मी कदाचित दुसरीच बाई झाले असते.

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "बरं बाई, मी मोडतो ते मडके. गावात बी सांगतो का घावाले बोर्डो नोका लावू. पन बाबा मानूस खराब नोयता, हे बी सांगीन. त्याले मालूम नोयतं."

"नाही," मी म्हणाले. "खराब होते असंच सांगा. पोरीचा पाय जाळला त्यांनी, असंच सांगा. चांगले होते म्हणाल तर लोक मलमही चांगलं समजतील आणि लावत राहतील. माझ्या बापाचं नाव राखायचं की तुमच्या नातीचा पाय, ते तुम्ही बघा."

त्यानं नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक हाय," म्हणाला. "खराबच सांगतो."

तेव्हापासून मी सुट्टी मिळेल त्या रविवारी जाते. बोरगावला विहारात वंदना झाल्यावर मोजा काढून दाखवला. जामसावळीच्या रस्त्यावरच्या दोन गावांत दाखवला. जिथं जिथं तुम्हाला सायकलवर बसवून नेत होते तिथं तिथं मी बसनं जाते आहे. म्हाताऱ्या बाया सुरुवातीला चिडतात, बापाबद्दल असं बोलते म्हणून. मग पाय पाहतात आणि ऐकून घेतात. मी त्यांना सांगते की पायाची जखम भरत नसेल आणि अंग दुखत असेल, डोळे पिवळे होत असतील, तर आधी रक्त तपासा. त्या पोरीची जखम आता कडेनं गुलाबी होऊन आत भरते आहे. तुमचं नाव मात्र आता कुणी हातगुणासाठी घेत नाही. पोरीचा पाय जाळणारा बाबा, असं म्हणतात. हे माझं काम आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. एका दृष्टीनं बरंच झालं, तुम्ही जिवंत असता तर हे ऐकून मेला असता.

पंपाच्या खोलीतली गोष्ट मी कोणत्याच गावात सांगत नाही. म्हाताऱ्यालाही सांगू नका म्हटलं आहे. ती बाहेर गेली तर लोक पुन्हा हळहळतील, आणि हळहळ मलमाला धार्जिणी असते, हे कारण मी त्याला दिलं. ते खरं आहे. पण ते एकच कारण नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी दिलं नसतं. ड्रेसिंगच्या खोलीतल्या कपाटात जुन्या रजिस्टरखाली ठेवते. आज सकाळी ती पोरगी पट्टीला आली होती. मी पाणी कोमट केलं आणि आधी माझ्या मनगटावर ओतून पाहिलं. तिनं विचारलं, "सिस्टर, दरवक्ती तुमी पयले सोतावर काहून टाकता?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. मी तिला म्हणाले, सवय आहे. कुणाची, ते सांगितलं नाही.